ओहम वाचून कॉइल घेऊ नका

आधी कायद्याचं बोलून घेऊ. भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ला वटहुकूम निघाला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, जाहिरात, साठा, सगळं त्यात येतं. त्यामुळे हा लेख ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि सिगारेट सोडण्यासाठी व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, आलेल्या प्रौढ मराठी मंडळींसाठी आहे. जो सिगारेट ओढतच नाही त्याने यात पडू नये. कॉइल, म्हणजे निकोटिनचं लिक्विड तापवून धूर करणारी, कापूस घातलेली तारेची गुंडाळी, कितीही नीट निवडली तरी निकोटिनची सवय लागायची ती लागतेच.

दुकानात कॉइल घेताना बहुतेक जण पाकिटावरचा एकच आकडा बघतात, ओहमचा, म्हणजे तार विजेला किती अडवते त्याचा: १.२, ०.८, ०.४, ०.१५. ओहम कमी म्हणजे धूर जास्त, एवढं ठोकताळ्याने माहीत असतं. हा ठोकताळा अर्धाच खरा आहे. खरे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. तारेच्या पृष्ठभागावर किती वॅट पडताहेत, हा पहिला. चव, जळका कश, कापसाचं आयुष्य हे त्याच्याशी निगडित. सेलमधून किती अँपिअर खेचले जाताहेत, हा दुसरा. सेल तापणं, फुगणं आणि त्यापुढचं सगळं याच्याशी निगडित. ओहमचा आकडा दोन्ही हिशोबांत येतो, पण एकट्याने दोन्हींचं उत्तर देत नाही.

सूत्रं शाळेतलीच आहेत. व्होल्टला ओहमने भागलं की अँपिअर. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागलं की वॅट. यातला वर्ग विसरू नका. व्होल्टेज दहा टक्के वाढवलं की वॅट एकवीस टक्क्यांनी वाढतात. पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्ट देतो, मधल्या पल्ल्यात ३.७च्या आसपास. फरक अर्ध्या व्होल्टचा, पण त्याच कॉइलवर वॅटमध्ये जवळजवळ तीस टक्क्यांचा. व्होल्टेज सांभाळणारं सर्किट नसलेल्या उपकरणात सकाळचा कश आणि संध्याकाळचा कश वेगळा का लागतो, त्याचं कारण हे.

जुन्या ईगो पद्धतीच्या, पेनसारख्या लांबट बॅटऱ्यांवर हा खेळ सगळ्यात स्वच्छ दिसायचा. वर ५१० नावाचे जोडणीचे आटे, म्हणजे ७ मिलिमीटर व्यास आणि अर्ध्या मिलिमीटरची चाल. त्यावर साधारण २ ते २.८ ओहमचा ॲटमायझर, म्हणजे कॉइल आणि लिक्विड असलेला वरचा भाग. बॅटरी साडेतीन व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे द्यायची. २.४ ओहमवर ३.४ व्होल्ट म्हणजे जेमतेम ४.८ वॅट. तोंडात धूर ओढून मग छातीत घेण्याच्या पद्धतीला हे पुरायचं, पण कोमट वाटायचं. मग दोन वाटा निघाल्या. एक, ओहम कमी करा: १.५चा ॲटमायझर लावला की त्याच ३.४ व्होल्टवर ७.७ वॅट. दुसरी, व्होल्ट वाढवा: ईगो-सी ट्विस्टसारख्या बॅटरीच्या बुडाशी ३.२ ते ४.८ व्होल्टचं फिरतं चाक आलं, आणि २.४ ओहमवर ४.८ व्होल्ट म्हणजे ९.६ वॅट मिळू लागले.

तारेला दोन्ही वाटा जवळपास सारख्याच, पण ओहम कमी करताना सेल केवढा आहे हेही बघावं लागतं. १.५ ओहम आणि ३.७ व्होल्ट म्हणजे सुमारे अडीच अँपिअर. साडेसहाशे एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, सेलच्या क्षमतेचं माप) ईगोला ते चालतं, कारण क्षमतेच्या चौपटीच्याही आतला प्रवाह झाला. तोच ॲटमायझर सिगारेटएवढ्या बारीक, १८० एमएएचच्या बॅटरीवर चढवला तर क्षमतेच्या जवळजवळ चौदापट प्रवाह खेचला जातो. अशी बॅटरी कश अर्ध्यात असतानाच दिवा लुकलुकवून बंद पडायची आणि लोक ॲटमायझरला शिव्या द्यायचे.

व्होल्टेजच्या चाकाबाबत आणखी एक मेख आहे, ती आजच्या स्वस्त उपकरणांतही सापडते. बरीच उपकरणं व्होल्टेज सरळ कमी-जास्त करत नाहीत. ठरलेल्या व्होल्टेजचे तुकडे पाडून ते झटपट चालू-बंद करतात. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. समजा ६ व्होल्ट निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद आहे. साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो, ३ व्होल्ट. पण उष्णता वर्गाने वाढते, त्यामुळे तारेच्या दृष्टीने ते ४.२४ व्होल्ट असतात. २ ओहमच्या कॉइलवर तुम्ही साडेचार वॅटचा हिशोब धरता आणि प्रत्यक्षात नऊ पडतात. पडद्यावरचा आकडा कमी आणि कश मात्र बोचरा, असं असेल तर आधी हा संशय घ्या. मोजायचंच असेल तर सरासरीऐवजी तारेला जाणवणारं खरं व्होल्टेज दाखवणारा, ट्रू आरएमएस लिहिलेला मीटर हवा, आणि मोजताना कॉइल जोडलेली हवी. मोकळ्या टोकांवरच्या वाचनाला अर्थ नाही.

तार किती जाड, हे ओहम सांगत नाही

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात.

कँथल ए-१ ही लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची मिश्रधातू. तिची २८ गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक, आकडा लहान तर तार जाड) तार ०.३२ मिलिमीटर जाड असते आणि मीटरला साधारण १८ ओहम भरते. २४ गेजची ०.५१ मिलिमीटर जाड, मीटरला सुमारे ७ ओहम. आता दोन्हींच्या बरोबर १ ओहमच्या कॉइल करा. २८ गेजची साडेपाच सेंटिमीटर तार लागेल, २४ गेजची चौदा. बाहेरचा पृष्ठभाग पहिलीचा साधारण ५६ चौरस मिलिमीटर, दुसरीचा २२७. पडद्यावर दोन्ही वेळा १.० ओहमच दिसतं.

दोन्हींना १२ वॅट द्या. पहिल्या तारेवर दर चौरस मिलिमीटरला ०.२१ वॅट पडतात, छान गरम धूर मिळतो. दुसरीवर ०.०५, म्हणजे लिक्विड नुसतं कोमट होतं, उकळत नाही, टाकीत गुळगुळ आवाज येतो आणि तोंडात थेंब उडतात. दुसरीला पहिलीएवढी धग हवी तर पन्नास वॅट लागतील. शिवाय तिच्यात धातू साडेसहापट आहे, त्यामुळे बटण दाबल्यावर ती तापायलाच वेळ घेते आणि सोडल्यावरही तापलेली राहते. बिडाच्या तव्याचं जे असतं तेच. दर चौरस मिलिमीटरला ०.१५ ते ०.३० वॅट हा पट्टा बहुतेकांना मानवतो. त्याखाली कॉइल भिजून राहते, वर गेलं की कापूस धोक्यात.

तयार कॉइलमध्ये हल्ली गोल तारेऐवजी जाळी असते, छिद्रं पाडलेली पातळ पट्टी. तिचा पृष्ठभाग मोठा आणि धातू कमी, म्हणून ती चटकन आणि एकसारखी तापते. पृष्ठभाग तुम्ही मोजू शकत नाही, पण उत्पादकाने तो हिशोब करूनच कॉइलच्या अंगावर वॅटचा पल्ला कोरलेला असतो. ०.८ ओहमच्या एका कॉइलवर १२ ते १६ वॅट असतील, दुसऱ्या कंपनीच्या ०.८वर १५ ते १८. खरेदी करताना वाचायचा आकडा हा, ओहमचा नव्हे.

स्वतः गुंडाळायची असेल तर सुरुवातीला हे माप घ्या: २८ गेज कँथल, अडीच मिलिमीटरच्या दांडीवर सहा फेरे, दोन्ही पाय धरून सहा-साडेसहा सेंटिमीटर तार. साधारण १.१ ओहम येईल, ११ ते १३ वॅटवर चालेल. कापूस घालण्यापूर्वी आठ-दहा वॅटवर टिचकीसारखं बटण दाबून बघा. कॉइल मधल्या फेऱ्यापासून लाल होत दोन्ही बाजूंना पसरली पाहिजे. एखादाच फेरा आधी पेटत असेल तर बटण सोडून चिनी मातीच्या टोकांच्या चिमट्याने फेरे एकमेकांना चिकटवून दाबा, पुन्हा टिचकी मारा. पायच लाल होत असतील तर स्क्रूखाली पकड सैल आहे. कापूस कॉइलमधून ओढताना जरासा अडला पाहिजे, पण तारेचे फेरे त्याच्याबरोबर सरकता कामा नयेत. ठासून भरला तर लिक्विड चढत नाही, सैल भरला तर गळतं.

दोन कॉइल असलेल्या डेकवर, म्हणजे कॉइल स्वतः बसवायच्या बैठकीवर, १ ओहमच्या दोन लावल्या की पडदा ०.५ दाखवतो, आणि वॅट दोघींत निम्मे-निम्मे वाटले जातात. २४ वॅट लावले तरी प्रत्येकीच्या वाट्याला बाराच. दोन्ही एकाच वेळी लाल होत नसतील तर फेरे किंवा पायांची लांबी असमान आहे. कमी ओहमची जास्त वीज खाते आणि तिचाच कापूस आधी जळतो.

जळका कश म्हणजे नक्की काय

लिक्विडमधलं प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९०ला. तारेभोवती लिक्विड आहे तोवर बाष्पीभवनच तापमान आवरून धरतं. कापसातून येणारं लिक्विड कमी पडलं की तार मोकाट तापते, ग्लिसरीन फुटायला लागतं आणि त्यातून ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड असले घशाला झोंबणारे पदार्थ निघतात.

२०१५मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचं एक पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं. ३.३ व्होल्टवर त्यांना फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टवर भरपूर सापडली. बातम्या धडाक्यात झाल्या. त्यावर आक्षेप असा आला की जुन्या पद्धतीच्या टाकीवर ५ व्होल्ट लावले तर कश इतका जळका लागतो की माणूस तो घेऊच शकत नाही. यंत्राला चव कळत नाही. माझ्या मते या वादात कामाची गोष्ट वेगळीच आहे. दोन ओहमच्या आसपासच्या कॉइलवर ५ व्होल्ट म्हणजे बारा वॅट. आजच्या जाळीच्या कॉइलला बारा वॅट काहीच नाहीत. त्या काळच्या, टाकीच्या माथ्यावर कॉइल आणि खाली लोंबणारी वात अशा रचनेला ते झेपणारे नव्हते. म्हणजे व्होल्ट वाईट किंवा वॅट वाईट असं नसतं. कापूस जेवढं लिक्विड पोचवू शकतो त्याहून जास्त वॅट वाईट. आणि कश जळका लागला तर ‘आणखी एक बघू’ म्हणून पुढचा घेऊ नका.

लिक्विड पोचण्याचा वेग त्याच्या दाटपणावर असतो. १ ओहमच्या वरच्या कॉइलची छिद्रं बारीक असतात, त्यांना ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं असलेलं पातळ लिक्विड लागतं. सत्तर टक्के ग्लिसरीनचं त्यात घातलं, तेही हिवाळ्यात, तर ते मधासारखं सरकतं आणि तिसऱ्या-चौथ्या कशाला कापूस कोरडा. उलट ०.२च्या मोठ्या छिद्रांच्या कॉइलमध्ये पातळ लिक्विड घातलं तर हवेच्या भोकांतून बाहेर येतं.

निकोटिनचं गणितही वॅटला बांधलेलं आहे. १२ वॅटच्या कशात धूर थोडा, म्हणून तिथे मिलिलिटरला १० ते २० मिलिग्रॅम चालतं. ६० वॅटच्या कशात लिक्विड कितीतरी जास्त उडतं. तिथे ३, फार तर ६. वीसचं लिक्विड चुकून मोठ्या टाकीत गेलं तर डोकं गरगरतं, मळमळतं. ब्रिटन आणि युरोपीय संघात २० मिलिग्रॅम ही कायद्याची कमाल मर्यादा, टाकी २ मिलिलिटरची आणि निकोटिनची बाटली १० मिलिलिटरची. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवा. ते विष आहे.

सेलच्या बाजूचा हिशोब

सर्किट असलेल्या आणि नसलेल्या उपकरणांत इथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सर्किट नसलेल्या, ज्याला मेकॅनिकल मॉड म्हणतात, त्यात सेल आणि कॉइल यांच्यामध्ये फक्त एक बटण. तिथे ओहमच सगळं ठरवतात. ०.५ ओहमवर भरलेला सेल ८.४ अँपिअर देतो, ०.२वर २१ अँपिअर. ०.१ केलं तर ४२, आणि १८६५० आकाराच्या (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) नेहमीच्या सेलला इतका प्रवाह सतत झेपत नाही. शॉर्ट झालं तर अडवायला कुणी नाही, सेल रिकामा होत चालला तर थांबवायला कुणी नाही. ज्या नळीत ॲटमायझरची मधली पिन थेट सेलच्या टोकावर टेकते, तिच्यात पिन बाहेरच्या आट्यांपेक्षा पुढे आलेली नसेल तर आटेच सेलला टेकतात आणि सरळ शॉर्ट. व्हेप पेनचा स्फोट होऊन २०१८मध्ये फ्लोरिडात आणि २०१९मध्ये टेक्सासमध्ये माणसं दगावली आहेत. मेकॅनिकल मॉड घेऊ नका, एवढंच सांगतो. त्यातून मिळणारी एकही गोष्ट आज सर्किटवाल्या उपकरणात मिळत नाही असं नाही.

सर्किटवाल्या उपकरणात हिशोब उलटतो. तिथे तुम्ही वॅट लावता, सर्किट कॉइलचे ओहम मोजून लागतील तेवढे व्होल्ट तयार करतं. ६० वॅट लावले आणि कॉइल ०.१५ ओहमची असेल तर कॉइलला ३ व्होल्ट आणि २० अँपिअर मिळतात. कॉइल १ ओहमची असेल तर पावणेआठ व्होल्ट आणि पावणेआठ अँपिअर. पण सेलमधून निघणारा प्रवाह दोन्ही वेळा एकच, कारण सेलला कॉइल दिसतच नाही, त्याला फक्त साठ वॅटची मागणी दिसते. सूत्र असं: वॅट भागिले सेलचं त्या क्षणीचं व्होल्टेज, भागिले सर्किटची कार्यक्षमता. व्होल्टेज सगळ्यात खालचं धरा, ३.२, कार्यक्षमता नव्वद टक्के. ६० भागिले २.८८, म्हणजे जवळजवळ २१ अँपिअर.

यातून दोन गोष्टी निघतात. ‘ओहम वाढवले म्हणजे सेलवरचा ताण कमी झाला’ हे मेकॅनिकलमध्ये खरं, सर्किटमध्ये खोटं; इथे ताण कमी करायचा तर वॅट कमी करा. आणि सर्किटवाल्यात सर्वांत जास्त प्रवाह सेल भरलेला असताना नव्हे, संपत आलेला असताना खेचला जातो. एका सेलच्या उपकरणात रात्री सेल हाताला गरम लागतो तो याच कारणाने.

उलट बाजूने मोजा. सेलला सतत १५ अँपिअर झेपत असतील तर एका सेलवर सुरक्षित कमाल ४३ वॅट. २० अँपिअरचा असेल तर साडेसत्तावन्न. दोन सेलच्या उपकरणात याची दुप्पट. उपकरणाच्या खोक्यावर एका सेलसाठी ८० वॅट छापलेले असले तरी त्याला २८ अँपिअर लागतात, तेवढे सतत देणारा सेल आत आहे का ते बघणं तुमचं काम.

सेलच्या अंगावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवताना तारतम्य हवं. सॅमसंगचा २५आर हा २५०० एमएएच आणि २० अँपिअरचा. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० एमएएच पण १५ अँपिअरचा. एकाच आकाराच्या डब्यात क्षमता वाढवली की प्रवाह सहसा कमी होतो. भरपूर एमएएच आणि भरपूर अँपिअर दोन्ही मिरवणारा, अनोळखी नावाचा सेल बहुधा दुसऱ्याच कुणाचा, नवं वेष्टन चढवलेला असतो. मोठ्या अक्षरांत ४० अँपिअर लिहिलेलं असतं ते क्षणिक प्रवाहाचं. उपयोगाचा आकडा सतत झेपणाऱ्या प्रवाहाचा. आणि १८६५०वर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर दुकानच बदला.

सेल हातात घेऊन धन टोक नीट बघा. मधली बटणासारखी टोपी धन. तिच्याभोवती पांढरी किंवा रंगीत चकती. आणि त्या चकतीबाहेरची धातूची कड मात्र ऋण, कारण सेलचा अख्खा डबाच ऋण असतो. धन आणि ऋण यांच्यात अंतर दोन-तीन मिलिमीटरचं, आणि मध्ये फक्त ती चकती आणि वेष्टनाची घडी. सेल काढता-घालताना वेष्टन नेमकं या काठावरच फाटतं. नखाएवढी फाट दिसली तरी सेल बाजूला ठेवा. नवं वेष्टन आणि चकती स्वस्तात मिळते, हेअर ड्रायरच्या गरम हवेने बसते. डबा चेपलेला असेल तर मात्र तो सेल कामाचा नाही, जुने सेल गोळा करणाऱ्या केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात नको.

सुटा सेल खिशात कधीच नको. किल्ली किंवा नाणं धन टोपी आणि कड यांना एकदम टेकलं की तिथेच शॉर्ट. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१मध्ये सुट्या १८६५० सेलबद्दल इशारा दिला तो याचसाठी. प्लॅस्टिकची डबी मिळते, ती वापरा. दोन सेलच्या उपकरणात दोघे एकाच दिवशी घेतलेले, एकाच नावाचे, कायम जोडीने वापरलेले आणि जोडीनेच चार्ज केलेले हवेत. एक दमलेला आणि एक ताजा असेल तर दमलेला आधी तळाला जातो आणि दुसरा त्याला आणखी खाली खेचतो.

चार्जची चिंता असेल तर तेही मोजता येतं. ३००० एमएएच म्हणजे साधारण १०.८ वॅट-तास. १२ वॅटवर तीन सेकंदांचा कश घेतला तर एका चार्जमध्ये साडेनऊशेच्या वर कश निघतात, ६० वॅटवर एकशे नव्वद. पॉडवरून, म्हणजे कमी वॅटच्या छोट्या उपकरणावरून, मोठ्या टाकीकडे जाणाऱ्यांना हा धक्का हमखास बसतो.

नवी कॉइल बसवताना

कापसाच्या बाहेर दिसणाऱ्या छिद्रांवर आणि मधल्या पोकळीत लिक्विडचे चार-पाच थेंब सोडा. टाकी भरा, दहा मिनिटं उभी ठेवा. कॉइल थंड असतानाच उपकरणावर चढवा, म्हणजे ओहमचं वाचन बरोबर येईल. कोरलेल्या पल्ल्याच्या तळाला सुरुवात करा, १२ ते १६ असेल तर १२वर पाच-सहा छोटे कश. मग एकेक वॅट चढवा. धुराची धग आणि चव जिथे खुलते तिथे थांबा. त्याच्या पुढे चव करपलेल्या पुठ्ठ्यासारखी व्हायला लागते. तिथून दोन वॅट मागे या.

पॉडमध्ये वॅट चढवूनही काहीच फरक पडत नसेल तर बहुधा सर्किट सेलपेक्षा जास्त व्होल्ट देऊ शकत नाही. १.२ ओहमवर १५ वॅटला सव्वाचार व्होल्ट लागतात, ३.७च्या सेलवर अकरा-साडेअकरा वॅटच्या वर ते जातच नाही, आकडा काहीही दाखवो. अशा पॉडला ०.८ची कॉइल घ्या, ३.७वर सतरा वॅटपर्यंत जागा आहे.

गुळगुळ आवाज आणि थेंब उडणं म्हणजे वॅट कमी किंवा कश फार जोरात. कोरडं लागणं म्हणजे वॅट जास्त, लिक्विड दाट किंवा दोन कशांमधलं अंतर कमी. चव हळूहळू करपट गोड होत जाणं म्हणजे लिक्विडमधल्या सुक्रालोज या गोडी आणणाऱ्या पदार्थाचा काळा थर तारेवर बसलाय. वॅट वाढवून तो जात नाही, कॉइल बदला.

ओहम कमी-जास्त नाचत असतील तर कॉइलला दोष देण्याआधी ५१०ची पिन आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. १.२च्या कॉइलवर ०.०५ ओहमचा मळ कुणाला कळतही नाही. ०.१५च्या कॉइलवर तोच मळ असेल तर उपकरण ०.२० वाचतं आणि चौथा हिस्सा वॅट सांध्यातच जळतात. धूर कमी येतो आणि टाकीचं बूड तापतं.

तापमान धरून चालवायची सोय असेल तर एकच पथ्य: मूळ ओहम नोंदवताना कॉइल खोलीच्या तापमानाला असू द्या. स्टेनलेस स्टीलची ०.५ ओहमची कॉइल २२० अंशांना साधारण ०.५९ होते, उपकरण या फरकावरून तापमान ताडतं. कॉइल गरम असताना ०.५५लाच मूळ समजून कुलूप लावलंत, तर २२०ची मर्यादा प्रत्यक्षात साडेतीनशेच्या घरात जाते आणि कापूस करपतो. कँथलवर ही सोय चालत नाही, तापल्याने तिचे ओहम जवळजवळ बदलतच नाहीत. निकेल आणि टायटॅनियमच्या तारा मात्र फक्त याच सोयीत वापराव्यात, साध्या वॅटमध्ये नाही.

विमानात उपकरण आणि सुटे सेल हातातल्या सामानातच न्यायचे असतात, पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही. विमान मुंबईचं असेल तर हा प्रश्नच येत नाही: आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. उपकरण तिकडेच ठेवून या. ठेवताना टाकी रिकामी करा आणि सेल बाहेर काढून अर्धवट भरलेले, ३.७ व्होल्टच्या आसपास, डबीत घाला.